दोन्ही चाकांना सीलबंद बेअरिंग: काही महिन्यांच्या वापरानंतर

मोटारसायकलच्या दोन्ही चाकांतली झिजलेली बेअरिंग काढून त्या जागी दोन्ही बाजूंना रबरी सील असलेली बेअरिंग बसवली, त्याला आता बरेच महिने झाले. या काळात गाडी रोज चालली, भर पावसात भिजली, खडबडीत रस्त्यावरून गेली आणि मागे माणूस बसवूनही बरीच धावली, त्यामुळे आता मत मांडायला हरकत नाही. बेअरिंग नावाजलेल्या कंपनीचे असावे हे खरेच. पण ते टिकणार किती, हे मुख्यतः हबच्या (चाकाच्या मधल्या पोकळ भागाच्या) आतली, दोन बेअरिंगमधले अंतर राखणारी स्पेसरची नळी, सील आणि बसवण्याची पद्धत यांवरच ठरते, असे माझे मत झाले आहे.

बदलण्याआधी मागच्या चाकातून एक घरघर येत असे. वेग वाढला की ती वाढायची आणि क्लच दाबून इंजिन मोकळे सोडले तरी कमी होत नसे, म्हणजे आवाज इंजिनाचा नव्हता. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन चाक वर आणि खाली अशा दोन ठिकाणी धरून हलवले की हाताला बारीकसा खटका जाणवे. येथे एक खबरदारी घ्यावी लागते, कारण स्विंगआर्मचे, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचे, बुश गेले असले तरी असाच खटका येतो. फरक इतकाच की तेव्हा चाकासोबत स्विंगआर्मही हलतो. पुढच्या चाकाचे लक्षण निराळे होते. बेअरिंगमध्ये प्ले (ढिलेपणा) आल्याने डिस्क डुगडुगत असे, ती ब्रेकपॅडना मागे ढकलत असे आणि त्यामुळे ब्रेकचा पहिला दाब पोकळ जाई. हा दोष ब्रेकमध्येच शोधत बसणारे पुष्कळ जण असतात.

काढलेले मागचे बेअरिंग हातात घेऊन आतली कडी बोटाने फिरवली तेव्हा ती सरळ फिरत नव्हती, ठरावीक जागी अडखळत होती. पत्र्याचे झाकण उचकटून पाहिले तर ग्रीसचा तांबूस चिखल झालेला होता आणि छर्ऱ्यांची चकाकी गेली होती. पत्र्याचे झाकण आतल्या कडीला टेकत नाही. ते मोठी धूळ अडवते, पाणी अडवत नाही. रबरी सीलची ओठासारखी कड मात्र कडीला घासून बसते. म्हणून पत्र्याच्या झाकणाच्या ‘झेडझेड’ऐवजी दोन्ही बाजूंना रबरी सील असलेले ‘२आरएस’ घेतले.

आकाराबाबत अंदाजाने काही घेऊ नये. माझ्या गाडीत पुढे ६३०१ आणि मागे ६३०२ क्रमांकाचे बेअरिंग आहे. शेवटच्या दोन अंकांवरून आतला व्यास कळतो: ०१ म्हणजे १२ मिलिमीटर, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७ आणि ०४ पासून पुढे अंकाला पाचने गुणायचे. पण ६२०२ आणि ६३०२ यांचा आतला व्यास सारखाच असतो, बाहेरचा मात्र अनुक्रमे ३५ आणि ४२ मिलिमीटर असतो. त्यामुळे एक्सल मापून बेअरिंग मागणे पुरेसे नाही. जुन्या बेअरिंगवर ‘सी३’ असे लिहिलेले असेल तर नवेही तसेच घ्यावे, कारण ते आतल्या मोकळिकीचे माप आहे.

खरी मेख बसवण्यात आहे. नवे बेअरिंग हबमध्ये जाताना बाहेरच्या कडीवरच दाब पडला पाहिजे. आतल्या कडीवर ठोकले तर तो मार छर्ऱ्यांमधून जातो, कडीच्या चरीत बारीक खळगे पडतात आणि नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी जुने होते. यासाठी हब साधारण ८० ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला आणि बेअरिंग फ्रीजरमध्ये थंड करून घेतली. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावत असल्याने बेअरिंग फारशी ठोकाठोक न करता खोबणीत उतरली. आधी एक बाजू पूर्ण तळाला टेकवली, मग स्पेसरची नळी घातली आणि दुसरे बेअरिंग त्याची आतली कडी नळीला जेमतेम टेकेपर्यंतच दाबले. हे दुसरे बेअरिंगही जोर लावून तळाला नेले, तर दोन्ही आतल्या कड्या नळीमुळे बाहेर रेटल्या जातात आणि चाक जड फिरते. उलट नळी घासून आखूड झालेली असेल, तर एक्सलचा नट आवळताच कड्या एकमेकींकडे ओढल्या जातात. माझ्या मागच्या नळीच्या टोकाला झिजल्याची कड स्पष्ट दिसत होती, म्हणून तीही बदलली. एका ओळखीच्या गाडीचे बेअरिंग वारंवार जात असे. तिथे चांगल्यातले चांगले बेअरिंग घालूनही फरक पडला नव्हता आणि कारण हीच नळी निघाली.

स्प्रॉकेटच्या (चेनच्या मागच्या दातेरी चाकाच्या) हबमध्ये स्वतंत्र बेअरिंग असते. चेनचा बराचसा ताण तेच सोसते आणि तेच बदलायचे राहून जाते. मी ते सोबतच बदलले.

परिणाम समाधानकारक आहे. घरघर पूर्ण गेली, पुढच्या ब्रेकचा दाब पहिल्यापासून लागतो आणि वळणावर मागचे चाक हलल्यासारखे वाटत नाही. सुरुवातीला रबरी सीलमुळे चाक हाताने फिरवताना किंचित जड वाटत होते. तो जडपणा पुढे आपोआप कमी झाला आणि चालवताना तो कधीच जाणवला नाही. मायलेजमध्ये मला फरक दिसला नाही. गाडी धुताना जोराचा फवारा हबवर मारायचा नाही, एवढे पथ्य मात्र पाळतो, कारण तो दाब सीलच्या कडेतूनही पाणी आत घालू शकतो.

तक्रार एकच, आणि तीही बेअरिंगबद्दल नाही. नुकतेच टायरच्या कामासाठी मागचे चाक काढले, तेव्हा बेअरिंगच्या कड्या बोटाखाली गुळगुळीत फिरत होत्या, पण चेनच्या बाजूच्या ऑइल सीलपाशी ओल दिसली. सील नवे असूनही ज्या कॉलरवर (एक्सलवरच्या धातूच्या कडीवर) ते घासते त्या कॉलरवर जुन्या सीलची चर पडलेली आहे, त्यामुळे कड नीट टेकत नाही. ती कॉलर मागवली आहे. बेअरिंग बदलणाऱ्यांनी सीलबरोबर तीही नखाने चाचपून पाहावी आणि चर लागली तर त्याच वेळी बदलून घ्यावी.