मज्जारज्जूच्या नावाखाली दीड लाखाचं 'अल्ट्रासाऊंड पॅकेज'

माझ्या धाकट्या भावाचा उमरेड रोडवर अपघात झाला आणि मज्जारज्जूला मार बसला. बेंबीच्या खाली संवेदना नाही, हालचाल नाही. नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, ऑपरेशन झालं. मणक्याचं मागचं हाड काढून रॉड-स्क्रू टाकले. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. इजा पूर्ण स्वरूपाची आहे, आता व्यायाम, लघवीची काळजी आणि बेडसोर (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) होऊ न देणं याकडेच लक्ष द्या, असं सांगून त्यांनी घरी सोडलं.

त्यानंतर वहिनीच्या व्हॉट्सॲपवर शहरातल्याच एका खासगी सेंटरची जाहिरात आली. अल्ट्रासाऊंड स्टिम्युलेशनने पॅरालिसिसचा रुग्ण चालू लागेल, म्हणे. दीड लाखाचं पॅकेज, सगळे पैसे आधी. पस्तिशीचा नवरा खाटेवर असताना कोणतीही बायको जे करेल तेच वहिनीने केलं. इतवारीच्या सराफ्यात जाऊन बांगड्या मोडल्या.

ते मशीन मी जवळून पाहिलं आहे. पांढरा डबा, वायरला जोडलेलं नाण्याएवढं धातूचं तोंड, जेलची बाटली आणि पॅनलवर १ आणि ३ मेगाहर्ट्झची बटणं. टाच दुखते, खांदा धरला म्हणून आपण फिजिओथेरपीला जातो, तिथे असतं तेच. त्याच्या लहरी त्वचेखाली काही सेंटिमीटरपर्यंतच पोचतात आणि तिथल्या स्नायूंना शेक मिळतो. त्याने तुटलेला मज्जारज्जू जोडला जात नाही.

सेंटरवाला परदेशी संशोधनाचे कागद दाखवायचा. संशोधन खोटं नाही. कमी तीव्रतेच्या अल्ट्रासाऊंडने मज्जारज्जूची सूज कमी होते का, नसांचं काम बदलता येतं का, यावर उंदरांवर प्रयोग झाले आहेत, अजून चालू आहेत. पण त्या प्रयोगांतली उपकरणं वेगळी, मोजमाप वेगळं, आणि मज्जारज्जूच्या इजेवरचा प्रस्थापित उपचार म्हणून ते अजून कुठेच पोचलेलं नाही. खऱ्या संशोधनाचं नाव लावून खांदेदुखीचं मशीन विकलं, ही खरी फसवणूक.

काही दिवसांत भावाचा पाय झटकन उडाला. "बघा ताई, नर्व्ह जागी झाली!" म्हणत त्या माणसाने लगेच मोबाईलवर व्हिडिओ काढला. भाऊ रडला, आम्ही सगळेच रडलो. तो स्पॅझम होता. इजेच्या खालचा मज्जारज्जू मेंदूच्या ताब्यातून सुटला की पाय आपोआप उडतात, उपचार घ्या किंवा न घ्या. हे त्याला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. तोच व्हिडिओ पुढे त्याच्या जाहिरातीत फिरला.

मग भाजलं. तंत्रज्ञ एका हाताने फोन धरून बोलत होता आणि मशीनचं तोंड कमरेवर एकाच जागी दाबून ठेवलं होतं. ते सतत फिरवत ठेवायचं असतं. संवेदना असलेला माणूस चटका बसताच ओरडेल. भावाला कळलंच नाही. रात्री वहिनीला लाल चट्टा दिसला, सकाळी फोड. मेडिकलच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी जखम पाहून कपाळाला हात लावला. संवेदना नसलेल्या त्वचेवर आणि मणक्याचं हाड काढलेल्या जागी हे मशीन लावू नये, हे विद्यार्थ्यांनाही शिकवतात, असं त्या म्हणाल्या.

पैसे परत मागितले तर उत्तर आलं, "हा ट्रायल (उपचाराची चाचणी) होता, तुम्ही सही केली आहे." सही इंग्रजी कागदावर, वहिनीला कोणी समजावून न सांगता घेतलेली. ट्रायल असेल तर सीटीआरआयचा, म्हणजे अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक हवा, एथिक्स कमिटीची मंजुरी हवी. क्रमांक आजवर मिळालेला नाही. सीटीआरआयची वेबसाईट सगळ्यांसाठी खुली आहे, तिथे स्वतः शोधता येतं. आणि ज्या उपचाराची अजून परीक्षाच चालू आहे त्यासाठी रुग्णाकडून पॅकेजचे पैसे घेत नाहीत. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईची जबाबदारी ट्रायल करणाऱ्यांवर येते. पावतीवर मात्र फक्त 'फिजिओथेरपी चार्जेस' लिहिलेलं.

पॅरालिसिस बरा करण्याची जाहिरात करणं १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्यानेच बंद आहे. आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पावती, तो व्हिडिओ आणि जखमेचे तारखेसह फोटो आम्ही जोडले आहेत. याच सेंटरकडे किंवा अशाच दुसऱ्या कुणाकडे पैसे भरले असतील तर हे कागद आजच एका जागी काढून ठेवा, आणि पुढचं सिटिंग घेण्याआधी आपल्या ऑपरेशनच्या डॉक्टरांना मशीनचा फोटो दाखवा.