पहिलं नेटवर्क कशावर बांधावं: पॅकेट ट्रेसर की जीएनएस३?

दोन पीसी, एक स्विच, मध्ये राउटर आणि पलीकडे दुसरं लॅन. सरावासाठी कॉम्प्युटरच्या पडद्यावर एवढंच नेटवर्क बांधायचं असेल तर पॅकेट ट्रेसर आणि जीएनएस३ ही दोन्ही सॉफ्टवेअर पुरतात, आणि दोन्हींना पैसे पडत नाहीत. मी दोन्ही वापरतो. डिचोलीला भाच्याला आणि त्याच्या मित्रांना शिकवायची वेळ आली, तेव्हा मात्र एकच निवडावं लागलं.

जीएनएस३ची बाजू भक्कम आहे. तिथे राउटरच्या सॉफ्टवेअरची नक्कल नसते, राउटर बनवणाऱ्या सिस्को कंपनीचं खरं आयओएस, म्हणजे राउटरची ऑपरेटिंग सिस्टिम, तुमच्या लॅपटॉपवर चालतं. पॅकेट ट्रेसरमध्ये बऱ्याच कमांड मुळात नसतातच, ती अडचण इथे फारशी येत नाही. दोन यंत्रांमधल्या जोडणीवर राइट-क्लिक करून वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरची पॅकेट्स पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर, उघडता येतं, आणि त्यात खरी पॅकेट्स दिसतात.

पण ते आयओएस सोबत मिळत नाही. लायसन्सचा प्रश्न असल्यामुळे इमेज, म्हणजे आयओएसची फाइल, ज्याची त्याने रीतसर मिळवायची असते. नवशिक्याने ती आणायची कुठून? 'नेटवर शोध, मिळेल कुठेतरी' असं कोणीतरी सांगतंच. शिकायला बसलेल्या पोराची सुरुवात अशी व्हावी, हे मला पटत नाही. माझा निर्णय खरं तर इथेच झाला. पुढे इमेज मिळाली तरी ती चालवणाऱ्या डायनॅमिप्स या प्रोग्रामला आयडल-पीसी व्हॅल्यू (राउटर रिकामा कधी असतो ते ओळखायची खूण) शोधून द्यावी लागते, नाहीतर एकटा राउटर प्रोसेसरचा अख्खा कोर अडवून बसतो. आपल्याकडे पावसाळ्यात वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो, आणि असं ओझं असताना ती बघता बघता उतरते. एवढं होईपर्यंत एकही आयपी ॲड्रेस टाकलेला नसतो.

पॅकेट ट्रेसरला सिस्को नेटवर्किंग ॲकॅडमीचं खातं लागतं. ते एकदा झालं की राउटर समोर तयार. केबल जोडली की राउटरकडचा दिवा लालच राहतो, कारण राउटरचे पोर्ट मुळात बंद असतात. 'नो शटडाउन' ही कमांड दिली की हिरवा होतो. स्विचकडचा दिवा साधारण 30 सेकंद नारिंगी राहतो. मुलं लगेच विचारतात, 'मामा, हे अडकलं काय?' स्पॅनिंग ट्री, म्हणजे जोडणीत कुठे फेरा तर होत नाही ना हे स्विच आधी तपासतो ती पद्धत, समजवायला याहून चांगली वेळ नाही.

त्याहून मोलाचा सिम्युलेशन मोड, त्यात पाकिटं एकेक पाऊल पुढे जाताना दिसतात. पलीकडचं यंत्र पोचतं का ते बघायला पिंग दिला की आधी एआरपीचं, म्हणजे 'हा आयपी ॲड्रेस कोणाचा?' असं विचारणारं पाकीट निघतं, स्विच ते बाकीच्या सगळ्या पोर्टांवर पाठवतो, ज्याचा पत्ता तोच उत्तर देतो, आणि मग आयसीएमपी, म्हणजे खुद्द पिंगचं पाकीट, पुढे सरकतं. पहिला पिंग अनेकदा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' का देतो, ते इथे डोळ्यांनी दिसतं. वायरशार्कमध्येही हेच असतं, पण ओळी वाचता येणाऱ्यालाच ते उमगतं. शिवाय फाइल लहान. फोंड्याहून भाचा ती व्हॉट्सॲपवर पाठवतो, मी त्यातला चुकलेला डिफॉल्ट गेटवे (लॅनबाहेर जायला पीसीला दिलेला राउटरचा पत्ता) दुरुस्त करून परत धाडतो.

तुमचा अनुभव वेगळा असू शकेल. भरपूर रॅमचा लॅपटॉप असेल, कामाच्या ठिकाणी इमेज रीतसर मिळत असेल, तर सरळ जीएनएस३ घ्या, अडणार नाही. बाकीच्यांनी सीसीएनए या सिस्कोच्या परीक्षेचा अभ्यास होईपर्यंत तरी पॅकेट ट्रेसरच वापरावं, असं मला वाटतं. त्यातही 'ऑटो' जोडणीचं बटण सोडून केबल स्ट्रेट की क्रॉसओव्हर, ते स्वतः निवडा.