गॅलरीची ऑनलाइन लिंक की पणजीतली अंधारी खोली?

कलाकारांनी केलेले व्हिडिओ आणि फिल्म्स आर्ट गॅलऱ्या आपल्या वेबसाइटवर ठरावीक दिवस दाखवतात. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये या प्रकाराने जोर धरला आणि गॅलऱ्यांची दारं उघडल्यावरही तो टिकला. त्यामुळे फोंडा, डिचोली किंवा पेडण्यात राहणाऱ्या माणसाला आता खरोखर निवड करता येते. लिंक उघडून घरी बघावं, की डिसेंबरमधल्या कला महोत्सवापर्यंत थांबून पणजीला जावं?

माझं मत आधीच सांगते. आधी कलाकृती कशी घडवली आहे ते बघा. एकाच पडद्यासाठी केलेलं, सुरुवात आणि शेवट असलेलं, ऐकण्यासारखं बोलणं असलेलं काम घरी बघा. तिथे ते गॅलरीपेक्षा चांगलं पोचतं. अनेक पडद्यांवर मांडलेलं काम मात्र खोलीत उभं राहूनच बघा. त्याची लिंक मिळाली तरी तिच्यावरून मत बनवू नका.

घराच्या बाजूने पहिली गोष्ट म्हणजे सुरुवात. प्रदर्शनात फिल्म लूपवर, म्हणजे संपली की पुन्हा पहिल्यापासून, फिरत असते आणि आपण पोचतो ते बहुधा मधेच. चाळीस मिनिटांच्या फिल्मचं सव्विसावं मिनिट चालू असतं. बसायला एकच बाक, त्यावर आधीच तिघं. सबटायटल पुढच्यांच्या डोक्याआड. पडद्यामागून शेजारच्या दालनातला आवाज येत राहतो. माणूस चार मिनिटं उभा राहतो, काही उमगत नाही, आणि निघून जातो. मग “व्हिडिओ आर्ट आपल्यासाठी नाही” असा शिक्का बसतो, तो कायमचा. मला याचं फार वाईट वाटतं, कारण देवळाच्या उत्सवात नांदीपासून भैरवीपर्यंत रात्र जागवून नाटक बघणारी माणसं आपल्याच गावांत आहेत. इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४पासून गोव्यात होतोय, तिथे सकाळी नऊच्या शोलाही रांगा लागतात. संयमाची वाण नाही. त्या माणसांना पहिल्या फ्रेमपासून बसता आलं पाहिजे, आणि ऑनलाइन स्क्रीनिंगमध्ये ते आपोआप होतं.

एक उदाहरण जवळून बघू. मुंबईच्या कॅम्प या कलाकार गटाची ‘फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ’ ही २०१३ची ८३ मिनिटांची फिल्म. कच्छ, सिंध, बलुचिस्तान आणि दक्षिण इराणमधले खलाशी लाकडी गलबतांवरून माल वाहतात. त्यांनी आपापल्या मोबाइलवर टिपलेल्या व्हिडिओंनी ही फिल्म बनली आहे. चित्राचा दर्जा दर काही मिनिटांनी बदलतो, कारण फोन बदलतो. मधेच लाटेचं पाणी चौकोनी ठिपक्यांत फुटतं. वर गाणं वाजत असतं, तेही खलाशांनी स्वतःच व्हिडिओला जोडलेलं. अशी फिल्म हेडफोन लावून, हातभर अंतरावरून बघताना त्या माणसाचा फोन आपल्याच हातात असल्यासारखा वाटतो. आपल्याकडे कितीतरी घरांत कोणी ना कोणी बोटीवर असतं. त्यांच्याकडून येणारे व्हिडिओ आपण असेच बघतो. मोठ्या पडद्यावर समुद्र मोठा दिसेल, हे खरं. पण मला निवडायचं असेल तर ही फिल्म पहिल्यांदा मी घरीच बघेन. ८३ मिनिटं सलग बसणं हीच तिची पहिली मागणी आहे.

आता उलट बाजू. अमर कंवर यांचं ‘द लाइटनिंग टेस्टिमनीज’ हे २००७चं काम आठ पडद्यांचं आहे. फाळणीपासून पुढे या उपखंडात स्त्रियांवर झालेल्या लैंगिक अत्याचारांच्या साक्षी त्यात आहेत. भोवती पडदे, प्रत्येकावर वेगळी जागा, वेगळी बाई, वेगळी आठवण. तुम्ही एकीकडे बघता तेव्हा दुसरीकडचं सुटतं आणि ते सुटणं तुम्हाला जाणवत राहतं. मान कुठे वळवायची हे तुमचं तुम्हाला ठरवावं लागतं, आणि त्या ठरवण्याची जबाबदारी अंगावर येते. लॅपटॉपवर आठ चौकोन मांडले की सगळं एकदम दिसतं, म्हणजे मुद्दलच हरवलं.

नलिनी मालानी यांच्या ‘कॅन यू हिअर मी?’मध्ये दोन्ही बाजू एकाच कामात सापडतात. आयपॅडवर बोटाने रेखाटलेली ८८ छोटी ॲनिमेशनं. सुटं ॲनिमेशन फोनवर उत्तम दिसतं, कारण ते तेवढ्याच काचेवर जन्मलं आहे. रेघ कुठे घाईने ओढली, कुठे पुसली, हे बोटभर अंतरावरून कळतं. पण २०२०मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत हीच ॲनिमेशनं भिंतींवर एकमेकांवर आदळत होती, चेहरे आणि वाक्यं एकमेकांत घुसत होती. तो कल्लोळ फोनवर येणार नाही. अशा कामाचं एक-एक पान घरी वाचावं आणि संधी मिळाली तर खोलीतही जावं. ख्रिश्चन मार्क्ले यांचं २०१०चं चोवीस तासांचं ‘द क्लॉक’ तर पडद्यावरची वेळ आणि भिंतीवरची वेळ जुळवून चालतं. त्याच्यासाठी लिंकची वाट बघू नका.

गोव्यात खोली कुठे मिळते? सर्वांत मोठी संधी डिसेंबरमधला सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल, २०१६पासून पणजीत भरणारा. जुन्या गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) इमारतीतली उंच छताची दालनं प्रोजेक्शनला फार शोभतात. पणजीतल्याच आल्तिनो टेकडीवरचं सुनापरांत हे कलाकेंद्र वर्षभर नजर ठेवण्यासारखं ठिकाण आहे, आणि तिथे गर्दी कमी असल्यामुळे लूप दुसऱ्यांदा सुरू होईपर्यंत बसता येतं. महोत्सवाला जायचं तर मधल्या वारी, दुपारी दोनच्या सुमाराला जा. शनिवार-रविवारची संध्याकाळ व्हिडिओसाठी वाया जाते. आणि एका फेरीत दोनच कामं ठरवा. दहा दालनं उरकून शेवटची बस गाठणाऱ्याला रात्री एकही काम धड आठवत नाही.

ऑनलाइन स्क्रीनिंगचा मोठा दोष म्हणजे मुदत. फिल्म आठवडा-दोन आठवडे राहते आणि जाते. यामागे हिशेब आहे. व्हिडिओ कलाकृती तीन किंवा पाच प्रतींच्या एडिशनमध्ये विकली जाते. घेणाऱ्या संग्राहकाला किंवा संग्रहालयाला फाइल आणि सहीचं प्रमाणपत्र मिळतं. तीच फिल्म कायम फुकट उपलब्ध राहिली तर त्या प्रतीला अर्थ राहत नाही, अशी गॅलरीची भीती. मला ही भीती पूर्ण पटत नाही, कारण न पाहिलेल्या कामाला कोण विचारणार? पण कलाकाराचं पोट या विक्रीवर चालतं, म्हणून मुदत मी मान्य करते आणि पाळते. तुम्हीही लिंक आल्या दिवशीच वार ठरवा. लंडनची गॅलरी “रविवारी मध्यरात्रीपर्यंत” म्हणते तेव्हा आपल्याकडे सोमवारची पहाट झालेली असते, उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेपाच. म्हणजे रविवारची रात्र पूर्ण हाताशी असते.

बघताना फोन टाळा. (मालानींच्या ॲनिमेशनसारखा अपवाद सोडून.) लॅपटॉप केबलने टीव्हीला जोडा, दिवे मालवा, आवाज हेडफोनवर घ्या. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर हलके आवाज गिळतात, आणि या फिल्म्समध्ये अर्धा अर्थ त्या हलक्या आवाजांतच असतो. एचडी चित्राला तासाला साधारण दीड ते तीन जीबी डेटा जातो. जून-जुलैत वीज कधी जाईल ते सांगता येत नाही, म्हणून पावसाळ्यात शेवटच्या रात्रीवर काही ठेवू नका.

तिसरी वाट ऑनलाइन संग्रहांची आहे. पॅड डॉट मा हा २००८मध्ये सुरू झालेला व्हिडिओंचा संग्रह सर्वांना खुला आहे. तयार फिल्मपेक्षा तिथे कच्चं चित्रण आणि त्यावरची टिपणं जास्त, म्हणून अभ्यासूंना तो सोन्याची खाण वाटेल आणि नवख्याला जंगल. उबूवेब हा प्रयोगशील कलेचा संग्रह १९९६पासून आहे. साठा अफाट, पण चित्र बरेचदा अंधुक, आणि पुष्कळसं साहित्य परवानगीशिवाय ठेवलेलं. संदर्भाला ठीक, पहिल्या भेटीला नको. व्हीड्रोम ही वेबसाइट एका वेळी एकच फिल्म दाखवते, सोबत कलाकाराची मुलाखत देते. अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी हेच सुचवेन, कारण निवडण्याचा ताण उरत नाही आणि फिल्म संपल्यावर लगेच वाचायला काहीतरी हातात असतं.

गावातल्या वाचनालयात किंवा कॉलेजात चारचौघांना जमवून दाखवायचा विचार असेल तर थोडं थांबा. वेबसाइटवरची लिंक वैयक्तिक बघण्यासाठी असते. सभागृहात लावायला गॅलरीची परवानगी लागते. ती मागायला लाजू नका. मेलमध्ये जागा, तारीख, अंदाजे किती माणसं आणि प्रवेश मोफत आहे, एवढं स्पष्ट लिहा. शैक्षणिक कार्यक्रम असेल तर तसं म्हणा. काही गॅलऱ्या थोडं मानधन मागतात, काही मागत नाहीत. लिंकऐवजी फाइल मागा, म्हणजे ऐन वेळी नेट गेलं तरी अडणार नाही. इंग्रजी सबटायटलची वेगळी फाइलही मागा. तिचा मराठी अनुवाद दाखवायची परवानगी त्याच पत्रात विचारून घ्या, कारण जमलेल्यांपैकी अनेकांना वेगाने पळणारं इंग्रजी वाचणं जड जातं.