सॅटच्या ट्रान्झिशनसाठी पेड ॲप: प्रश्न ढीगभर, एक्स्प्लनेशन कच्चं

डिजिटल सॅट, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाची परीक्षा, तिच्या रीडिंग अँड रायटिंगसाठी एक पेड ॲप वापरलं, नाव नाही घेत, त्यातला फक्त ट्रान्झिशनचा भाग कसाय ते सांगते. म्हणजे तेच हो, छोटासा उतारा, मधे रिकामी जागा आणि खाली हाउएव्हर, देअरफोर असले वाक्यं जोडणारे चार ऑप्शन, त्यातला सगळ्यात लॉजिकल निवडायचा.

प्रश्न भरपूर आहेत, ॲप कुठे अडकत नाही, टायमर तर मस्तच. खऱ्या पेपरात रीडिंग अँड रायटिंगला ६४ मिनिटांत ५४ प्रश्न, प्रश्नाला सव्वा मिनिट पण मिळत नाही, त्याची सवय होते.

गंडलंय ते एक्स्प्लनेशन. एक प्रश्न होता, शार्कचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो आणि कूर्चा लवकर कुजते, मग रिकामी जागा, मग शार्कचे जीवाश्म मिळतात ते बहुतेक दातांचेच. उत्तर ॲज अ रिझल्ट, बरोबरच आहे. पण खाली लिहिलंय काय तर 'हे वाक्य परिणाम दाखवतं'. अरे हो, पण कशाचा? सांगाडा कुजून गेला म्हणून दात उरले, एवढं तरी लिहा ना! इथे फॉर एक्झाम्पलवर बोट जातंच, कारण दुसऱ्या वाक्यात दात वगैरे ठोस काहीतरी दिसतं. तो ऑप्शन का चुकला यावर एक अक्षर नाही.

दुसरं म्हणजे ऑप्शन आळशीपणे बनवलेत, एकाच प्रश्नात हाउएव्हर पण आणि नेव्हरदलेस पण. दोन्ही एकच काम करतात म्हणजे दोन्ही बाद, उतारा न वाचताच निम्मं काम झालं, मग शिकलो काय?

आणि सारखं शब्दांची यादी पाठ करा म्हणून नोटिफिकेशन. यादी हवी, पण ऑप्शन झाकून आधी दोन्ही वाक्यं वाचायची आणि मनात म्हणायचं की हे उलट आहे, की म्हणून आहे, की नुसतं पुढचं सांगतंय, हे ॲप कुठेच शिकवत नाही.

सॅट घेणाऱ्या कॉलेज बोर्डाची क्वेश्चन बँक फुकट आहे, त्यात ट्रान्झिशन आणि डिफिकल्टी असे फिल्टर लागतात, चुकीचे ऑप्शन का चुकीचे तेही लिहिलेलं असतं. तरीही एखादं ॲप घ्यायचंच असेल तर आधी ट्रायलमध्ये मुद्दाम चुकीचं उत्तर देऊन बघा, काय समजावतंय ते.