क्योटो की पॅरिस?

हवामान बदल रोखायचे हे दोन जागतिक करार, त्यातला कुठला बरा? क्योटोत, म्हणजे १९९७ला, श्रीमंत देशांना कार्बन वगैरे वायूंच्या उत्सर्जन कपातीचं टार्गेट बंधनकारक होतं, भारत-चीनला नव्हतं आणि नेमकं हेच अमेरिकन सिनेटला खुपलं, करार व्हायच्या आधीच ९५-० ने विरोधी ठराव करून मोकळे, २००१ला राष्ट्राध्यक्ष बुशनेही अंग काढून घेतलं. पॅरिसमधे (२०१५) जवळपास सगळेच देश आले, पण टार्गेट ज्याचं त्याने ठरवायचं, चुकलं तर दंड वगैरे काही नाही. तरी ट्रम्पने दोनदा बाहेर पडायचं जाहीर केलंच! पॅरिस झाला त्याच वर्षी, २०१५ला, हवामान बदल न मानणारा अमेरिकन सिनेटर इनहोफ सभागृहात बर्फाचा गोळा घेऊन आला, म्हणे कुठंय वॉर्मिंग, अरे बाबा फेब्रुवारीत वॉशिंग्टनला थंडी नाही तर काय उकाडा असणार? मला तरी पॅरिसच बरा वाटतो, कमजोर आहे पण अमेरिका गेली तरी बाकीचे अजून टिकून आहेत.