सर्व्हिसिंगहून घड्याळ परत आलं, पण तबकडी दुसरीच

१९६० च्या दशकातल्या माझ्या ओमेगा सीमास्टरची मूळ तबकडी आणि मशीनचे काही भाग सर्व्हिसिंगच्या नावाखाली काढून घेतले गेले. हे करणारा जुन्या घड्याळांच्या आमच्या क्लबातला, सगळ्यांच्या भरवशाचा कारागीर होता. म्हणूनच हे सविस्तर लिहितोय.

घड्याळ मागे पडत होतं. साफसफाई, तेलपाणी, नवी मेनस्प्रिंग, आणि तबकडीला अजिबात हात लावायचा नाही, असं स्पष्ट ठरलं होतं. तबकडी पिवळसर पडलेली, सातच्या खुणेजवळ तपकिरी डाग. संग्राहकाला तीच हवी असते. नव्याने रंगवलेली तबकडी बसली की घड्याळाची किंमत कोसळते.

परत आलं तेव्हा टाइमग्राफरवर (घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर) रेषा सरळ, अॅम्प्लिट्यूड म्हणजे बॅलन्स चाकाचा झोका २८० अंशांच्या आसपास, थोडक्यात चाल उत्तम. मशीनवरचा आठ आकडी क्रमांकही जुळला. तबकडी मात्र लख्ख. “हलक्या हाताने पुसली,” तो म्हणाला.

रात्री तबकडीवरच्या खुणा पहाटेपर्यंत चमकत राहिल्या आणि मला शंका आली. त्या काळात अंधारात चमकणाऱ्या खुणांच्या रंगात रेडियमच्या जागी ट्रिटियम हे किरणोत्सारी द्रव्य आलं होतं. ट्रिटियम सुमारे १२.३ वर्षांत निम्मं उरतं, इतक्या दशकांनंतर त्यात रात्रभर चमकण्याएवढा दम कुठून येणार? भिंग लावलं. माझ्या जुन्या फोटोत सहाच्या खाली, अगदी कडेला, ट्रिटियमची खूण म्हणून ‘टी स्विस मेड टी’ होतं. आता नुसतं ‘स्विस मेड’, तेही जाड, फुटक्या अक्षरांत. दुसऱ्या घड्याळवाल्याकडून मशीन उतरवून घेतलं, तर तबकडीमागचे पाय (ती मशीनला बसवायच्या बारीक खुंट्या) कापलेले आणि ती चिकट टिकल्यांनी मशीनवर डकवलेली! क्रमांक असलेला ब्रिज (मशीनची चाकं धरून ठेवणारी पट्टी) तेवढा माझा ठेवला होता. ओमेगाच्या त्या काळातल्या मशीनवर तांबूस मुलामा असतो, तो शेजारच्या ब्रिजवर वेगळ्याच छटेचा होता. क्रमांक जुळला की माणूस पुढे तपासत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

जाब विचारल्यावर “जुने भाग खराब होते, टाकून दिले” एवढंच उत्तर. नंतर तीच तबकडी, त्याच डागासकट, क्लबातल्या दुसऱ्या सभासदाच्या घड्याळात दिसली. त्यानेही त्याच कारागिराकडून, चांगले पैसे मोजून घेतली होती. क्लबातल्या ज्येष्ठांनी “आपसातलं आपसात मिटवा” म्हणून विषय दाबला. मला चोरीपेक्षा याचा जास्त संताप आहे, कारण तो माणूस आजही लोकांची घड्याळं उघडतोय.

घड्याळ देण्याआधी मागचं झाकण त्याच्यासमोरच उघडायला लावा. प्रत्येक ब्रिज, स्क्रूंची डोकी, रोटर (ऑटोमॅटिक घड्याळाला चावी देणारं फिरतं वजन), झाकणाच्या आत ठोकलेला नंबर आणि तबकडीची खालची कड, सगळ्याचे जवळून फोटो घ्या. कोणते भाग बदलायचे ते कागदावर लिहून त्याची सही घ्या, आणि काढलेला प्रत्येक भाग पुडीत घालून परत मागा. प्रामाणिक कारागीर याला नाही म्हणत नाही, कित्येक जण तर न मागताच तुटकी स्प्रिंग हातात ठेवतात. परत घेताना अतिनील टॉर्च मारून बंद करा. जुन्या ट्रिटियमची चमक लगेच विझते, नवा रंग बराच वेळ उजळत राहतो.

आणि घड्याळ आधीच कुणाकडे दिलेलं असेल, तुमच्याजवळ जुना फोटो असेल, तर आता जुने भाग मागायला लाजू नका.