पडवीतला गणिताचा क्लास, दोन वर्षांचा अनुभव

देवगड तालुक्यात चांगला गणिताचा क्लास विचारला की लोक थेट कणकवली सांगतात, पण रोज एसटीने पोरीला एवढ्या लांब कोण पाठवणार. आमच्या वाडीपासून दोन किलोमीटरवर एक रिटायर्ड सर घराच्या पडवीत शिकवतात, बाहेर साधी पाटी पण नाही. लेकीला दहावीला तिथे घातली, आता अकरावी सायन्सला आहे तरी तिथेच जाते, म्हणून हे लिहितेय.

दहावीचं बीजगणित ठीक असतं, संभाव्यता म्हणजे फासे नि पत्ते, ४० मार्कांचा पेपर निघून जातो. खरी पंचाईत अकरावीत, क्रमचय-संचय आलं की हुशार पोरंसुद्धा एनपीआर लावू (क्रम महत्त्वाचा असतो तेव्हाचा फॉर्म्युला) की एनसीआर (क्रम महत्त्वाचा नसतो तेव्हाचा) करत बसतात. सर फॉर्म्युला आधी देतच नाहीत, आधी हाताने मोजायला लावतात आणि एकच प्रश्न विचारतात, काही दोनदा मोजलंस का?

एकदा मी तिला न्यायला लवकर गेले होते तेव्हा हे गणित चाललं होतं. १२ हापूस आहेत, ३ मधे साका आहे, साका म्हणजे आतला गर खराब होणं, तो बाहेरून कळत नाही, डोळे मिटून २ उचलले तर निदान एक साकावाला निघायची शक्यता किती? सगळी पोरं म्हणाली ३/१२ अधिक ३/१२, म्हणजे अर्धी. मला पण तेच बरोबर वाटलं! सरांनी चूक म्हटलं नाही, दोन्ही आंबे साक्याचे निघाले तर तो प्रकार तुम्ही कितीदा धरला एवढंच विचारलं. दोनदा धरला होता. त्याची शक्यता ३/१२ गुणिले २/११, म्हणजे १/२२, ती अर्ध्यातून एकदा वजा केली की ५/११. मग तेच उलट बाजूने, दोन्ही चांगले निघायची शक्यता ९/१२ गुणिले ८/११ म्हणजे ६/११, एकातून वजा केली, परत ५/११. दोन वाटांनी एकच उत्तर आल्यावर पोरांचे चेहरे बघायला हवे होते, माझ्या शाळेत असं कोणी शिकवलं असतं तर मी गणित सोडलं नसतं.

वर्गसमीकरण पण असंच. अंडरआर्म क्रिकेटच्या स्पर्धेत प्रत्येक टीम प्रत्येकीशी एकदाच खेळली, मॅच झाल्या ६६, तर टीम किती? टीम एन धरल्या तर एन गुणिले (एन वजा १), भागिले २, बरोबर ६६, कारण तुमची आमच्याशी नि आमची तुमच्याशी ही एकच मॅच. उत्तरं येतात १२ आणि उणे ११, उणे टीम नसते म्हणून १२. मोजणी आणि बीजगणित एका गणितात.

आता खटकलेलं. एका बॅचला वीस-बावीस पोरं, मागे बसणाऱ्याला फळा नीट दिसत नाही. पावसात लाईट गेली की तास बुडतो आणि भरून निघेलच असं नाही. भूमितीला सर फार वेळ देत नाहीत, दहावीचा भाग २ आम्हाला घरीच करून घ्यावा लागला. टेस्ट कमी घेतात, ज्यांना दर रविवारी पेपर सोडवायचाय त्यांनी दुसरीकडे बघावं.

फी मात्र परवडणारी आहे आणि महिना उशीर झाला तरी सर एका शब्दाने बोलत नाहीत. जूनमधे पहिल्या आठवड्यातच बॅच भरते, आधी जाऊन भेटा. क्लास सुटेपर्यंत काळोख होतो आणि पाणंदीत दिवे नाहीत, पोरांकडे बॅटरी द्या.